ठाण्यात कसली आलीय थंडी!

ठाणे (प.)
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि वहिनींच्या तिळाच्या वड्या एकाच दिवशी पोचल्या. वड्या संपल्या, पत्र अजून टेबलावर आहे. ‘ठाण्यात कसली आलीय थंडी, नि तू रोज उठून मोजतोस काय डोंबल?’ हे वाक्य मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. हिला फारच आवडलं. आता उत्तर ऐक, जरा लांबेल.

थंडी नाही हे कबूल. पहाटेचा पारा १९ ते २१ मध्येच घुटमळतोय. पंखा एकवर चालू असतो, रजया माळ्यावरच आहेत, आणि वॉचमनकाकांनी यंदा शेकोटी पेटवलेलीच नाही. रोज पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बघणाऱ्या तुम्हा निफाडकरांना यात मोजण्यासारखं काय दिसणार! पण खरी थंडी पडली की सगळं सोपं होतं रे. उत्तरेचा वारा, निरभ्र आकाश, पारा खाली, विषय संपला. थंडी नसते तेव्हा रोजची भानगड वेगळी असते.

या आठवड्यातलंच सांगतो. बुधवारी पहाटे २०.५ आणि शुक्रवारीही २०.५. पण बुधवारी आभाळात ढग होते. रात्री जमिनीची ऊब वर निघून जायला बघते, ढग तिला अडवतात. त्या दिवशी स्कूटरची सीट कोरडी ठणठणीत. शुक्रवारी आभाळ स्वच्छ होतं, हवा मात्र दमट. सीटवरून बोट फिरवलं तर पाण्याचा ओघळ थेट फूटबोर्डवर. बाष्पाचं दव होताना उष्णता सुटते, त्यामुळे पारा एका मर्यादेखाली उतरेना. मोबाइलवर दोन्ही दिवशी आपलं एकच, ‘२०’. आणि तो आकडा आमच्या गल्लीत कुणी मोजलेला नसतोच, गणितानं काढलेला असतो.

दुपारची गंमत तर वाऱ्याच्याच हातात. शाळेत खारे वारे नि मतलई वारे घोकले होते ना, ते इथे डोळ्यांनी दिसतात. समोरच्या देवळावरचा झेंडा सकाळी येऊरच्या डोंगराकडे फडफडत असतो, म्हणजे वारा पूर्वेचा, जमिनीवरून आलेला. तो अकरा-बाराच्या सुमारास फिरून खाडीकडे वळला की समजायचं, समुद्राचा वारा पोचला. मग दुपार ३१ वर भागते. दोन वाजेपर्यंत झेंडा हललाच नाही, तर पारा ३४ च्या पुढे जातो आणि शेजारचे जोशीकाका ‘जानेवारीत मे महिना’ म्हणत खिडक्या लावून घेतात. हिवाळा सौम्य असला म्हणजे फक्त पहाट उबदार, असं नाही. दिवसही तापतात, ते कुणी फारसं बोलत नाही.

मूळ कारण मात्र खूप लांब आहे. तिकडे हिमालयाकडे पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या ढग-पावसाच्या प्रणाली, सरकत असतात. एखादा जवळ आला की आपल्याकडचा उत्तरेचा वारा ढिला पडतो, समुद्रावरचं बाष्प आत घुसतं, ढग येतात, रात्री उबतात. तो पुढे गेला की उत्तरेचा वारा पुन्हा सुटतो आणि दोन-तीन दिवस अंग शिरशिरतं. झंझावात एकामागोमाग लागले, की मधल्या फटीत थंडीला जागाच मिळत नाही.

वारा पडला की धुरकं. सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की खालचा धूर, धूळ वर जाऊच शकत नाही. माझं माप साधं आहे: गच्चीतून मामा-भाच्याचा डोंगर दिसतो की नाही. झाडं वेगळी दिसली तर उत्तम, नुसती कड दिसली तर बरं, काहीच नाही तर हिला सांगतो की आज फिरायला नको.

बदलापूरचा मावसभाऊ मात्र मला रोज हिणवतो. त्याच्याकडे माझ्यापेक्षा चार-पाच अंश कमी असतात. उल्हास नदीचं खोरं, समुद्र लांब, आणि रात्री डोंगरउतारावरची गार जड हवा खाली येऊन तिथेच साचते. कितीदा तर माथेरानपेक्षाही बदलापुरात थंडी जास्त. त्याला वाटतं हे त्याचंच कर्तृत्व.

आणि पेपरवाल्यांचं ‘मुंबईकर गारठले’ वाचून तू हसतोस, हसू नकोस. किनारपट्टीवर थंडीची लाट म्हणायला हवामान खात्याचा नियमच वेगळा आहे: किमान तापमान १५ किंवा त्याखाली, आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. सपाटीवर तेच १० लागतं. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ नोंदलंय. तेव्हा आम्हालाही अगदीच बाद करू नकोस.

तुझ्या द्राक्षबागेचं लिहिलंस ते मात्र वाचून डोकं चाललं नाही. थंडी वाढली तर मण्यांची फुगवण थांबते, पहाटे शेकोट्या पेटवा, ड्रिप सोडा. आणि थंडी नाही, ढगाळ, दमट, तर भुरी, ती पांढरी बुरशी. मग तुम्हाला हवंय तरी काय? मला वाटतं तुला किमान तापमानापेक्षा दवाची नोंद जास्त उपयोगी पडेल. पान कितीपर्यंत ओलं राहतं, तेवढं रोज लिहीत जा.

त्याच्या जोडीला पाराही लिहिता यावा म्हणून कमाल-किमान तापमापक कुरियरनं पाठवलाय. यू आकाराची नळी आहे, दोन्ही बाजूंना पाऱ्यावर एकेक बारीक पोलादी काडी. पारा काडीला ढकलतो आणि मागे सरतो, काडी तिथेच राहते. वाचायचं ते काडीचं खालचं टोक, पाऱ्याकडचं. वाचून झालं की सोबतच्या लोहचुंबकानं काडी पुन्हा पाऱ्याला टेकवायची. पत्र्याच्या शेडखाली टांगू नकोस, भट्टी होईल. चारएक फुटांवर, सावलीत, वारा लागेल असा लाव. क्रेटच्या पट्ट्यांची, फटींतून वारा खेळेल अशी पेटी करून पांढरा रंग दिलास तर फारच छान. रोज सकाळी साडेआठला बघ, वेधशाळाही त्याच वेळेला नोंद घेते.

महिनाअखेर दोघांच्या वह्या समोरासमोर ठेवू. झंझावात गेल्यावर पारा आधी तुझ्याकडे उतरतो की माझ्याकडे, आणि किती तासांनी, ते मला बघायचंय. माझी पैज तुझ्यावर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल

ता. क. पार्सल उभंच ठेवायला सांगितलंय, पण पोस्टऑफिस काय नि कुरियर काय, भरवसा नाही. पारा तुटक दिसला तर लगेच फोन कर, जोडायचा कसा ते सांगतो.