पक्षी कमी झाले की मोजणारे?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पक्षी निम्म्यावर आले अशी बातमी तुमच्या पेपरात वाचली, आणि सकाळपासून चार जणांनी तीच मला व्हॉट्सॲपवर पाठवली कारण मी तिथे पक्षीगणनेला जातो हे आमच्याकडे सगळ्यांना माहितीय. आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. पण मागच्या वेळी मोजायला किती माणसं होती, या वेळी किती, किती ठिकाणी उभी राहिली, बंधाऱ्यात पाणी किती होतं, यातलं एक अक्षर बातमीत नाही, मग निम्मे झाले म्हणजे नक्की काय झालं हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

इथलं सगळं पाण्यावर चालतं. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचा हा बंधारा गाळाने भरत आलाय, म्हणून तर उथळ पाणी, बेटं, पाणगवत, आणि म्हणूनच पक्षी. वरून गंगापूर-दारणा धरणांचं पाणी सुटलं की चिखलाचे पट्टे बुडतात आणि शेकाट्या, तुतवार असले चिखलात चोच घालून खाणारे पक्षी उठून दुसरीकडे जातात. त्या आठवड्यात गणना झाली तर आकडा पडणारच. ते पक्षी काही मेलेले नसतात हो, पण हेडिंग वाचून तसंच वाटतं.

दुसरं म्हणजे मोजायचं कसं. लोकांना वाटतं एकेक करून मोजतात. पाचशे-सहाशे वारकरी (कूट नावाचे काळे पाणपक्षी) पाण्यावर एका जागी, त्यातले निम्मे सारखे बुड्या मारतायत, वरून दलदली हारीण हा शिकारी पक्षी गेला की सगळा थवा उठून दुसऱ्या टोकाला बसतो, कुठे एकेक करता! आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात ठेवायचं आणि मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जायचं. लासलगावला व्यापारी ट्रॉलीकडे बघून कांद्याचं वजन सांगतो ना, साधारण तसंच, नजर बसायला वेळ लागतो. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना न सांगता लिहायचं आणि मगच ताडून बघायचं. नववी-दहावीची पोरं यात लवकर तयार होतात, आम्ही मोठे लोक गप्पाच जास्त मारतो.

आता खरी अडचण सांगतो. मोठ्या लेन्सवाले येतात, रोहित (फ्लेमिंगो) नाहीतर क्रौंच दिसला की खूश, फोटो काढला की दहा वाजता मिसळ खायला पसार. मिसळीला माझी ना नाही, पण थापट्या बदकं, शेकाट्या, वारकरी असले नेहमीचे पक्षी मोजायला मागे दोन-तीनच जण राहतात. फॉर्मवर अमुक पक्षी शून्य असं लिहायचं तर कित्येकांना कमीपणा वाटतो, रकाना कोरा सोडून देतात. अहो, कोरा म्हणजे बघितलंच नाही आणि शून्य म्हणजे बघितलं पण नव्हता, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे!

आणि या साध्या पक्ष्यांच्या नोंदींतूनच मोठी गोष्ट बाहेर येते. 2023 सालचा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल 30 हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या जवळपास 3 कोटी नोंदींवर बनलाय, आणि ही बहुतेक तुमच्या-आमच्यासारखी हौशी माणसं. ज्या 338 जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला त्यातल्या 60 टक्के कमी होतायत. नीलपंख घटतोय, आणि आपला थापट्यासुद्धा, जो आम्हाला इतका नेहमीचा की कोणी त्याच्याकडे कॅमेरा वळवत नाही.

आशियाई पाणपक्षी गणना आपल्या उपखंडात 1987 पासून दर जानेवारीत होते. जानेवारीच का, तर थंडीला आलेले पाहुणे तोपर्यंत एका जागी स्थिरावलेले असतात, आणि सगळीकडे साधारण एकाच वेळी मोजलं की तोच पक्षी दोनदा धरला जाण्याची भीती कमी. हे आकडे नुसते फायलीत पडून राहतात असंही नाही. एखादी पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, घ्यायची तर जे निकष आहेत त्यातला एक म्हणजे तिथे नियमित 20 हजार पाणपक्षी असणं, दुसरा एखाद्या जातीच्या एकूण संख्येचा 1 टक्का तिथे असणं. आता हे कोणीतरी पाणवठ्यावर उभं राहून वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय कळणार आहे का? नांदूरमध्यमेश्वर 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं तेव्हा सगळ्यांनी हार घालून घेतले, मोजणाऱ्यांचं नाव कुठे नव्हतं, असो.

तर माझ्या तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक, गणनेची बातमी द्याल तेव्हा मोजणारी माणसं, ठिकाणं, वेळ आणि पाण्याची पातळी एवढं एका ओळीत टाका, जागा फार लागत नाही. दोन, गणना झाल्यावर फोटो छापता ते ठीक, पण त्याआधी आठवडाभर तारीख छापा, म्हणजे नवीन माणसं येतील. दुर्बीण नसली तरी चालतं, नोंदी लिहायलाही माणूस लागतोच, वन्यजीव विभागाचे लोक आणि गावातले गाईड शिकवतात. पांढरा शर्ट तेवढा घालू नका. आणि ज्यांना पहाटे इतक्या लांब जमत नाही त्यांनी फेब्रुवारीत चार दिवस घरामागच्या पक्ष्यांची गणना असते तिच्यात भाग घ्या, गच्चीत 15 मिनिटं उभं राहून जे दिसलं ते मोजून टाकायचं, कावळे-साळुंक्या धरून.

आपला,
एक वाचक, निफाड

ता.क. बातमीतल्या फोटोखाली रोहित लिहिलंय, तो चित्रबलाक आहे.