शेवाळाचा उगम शोधून देणाऱ्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

माझ्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले शेवाळ आटोक्यात आले, ते आपल्यामुळे. हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण आपण दाखवून दिलेली गोष्ट सोलापुरात समुद्री टाकी सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

माझ्या टाकीत झोअँथिडसारखी मऊ प्रवाळेच आहेत. दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण आहे आणि ती घरी आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण पाहायला आलात तेव्हा खडकांवर हिरवे केसाळ शेवाळ बोटभर वाढले होते, त्याचे धागे झोअँथिडच्या देठांमध्ये शिरल्यामुळे त्यांची तोंडे दिवसाही मिटलेली राहत होती आणि काचेवर तपकिरी थर पुन्हा पुन्हा धरत होता. तरीही चाचणी संचात फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचे मुख्य खाद्य, जवळजवळ शून्य दिसत होते. आपण ती परीक्षानळी खिडकीशी नेऊन पांढऱ्या कागदावर धरलीत आणि म्हणालात, "पाण्यात नाही म्हणजे टाकीत नाही असं नव्हे. जे येतंय ते शेवाळ लगेच खाऊन टाकतंय. येतंय कुठून ते बघू."

मग आपण टाकी सोडून स्वयंपाकघरात गेलात. तिथल्या आरओचे झाकण काढायला लावून आतला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर आपण मला दाखवलात. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून तो पडद्यातून गेलेल्या शुद्ध पाण्यात थोडे कच्चे पाणी परत मिसळतो. पिणाऱ्याला त्याने काही बाधत नाही, परंतु माझ्या टाकीत रोज तेच पाणी पडत होते. उजनी धरणाचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, मधल्या दिवसांत वरच्या टाकीत बोअरचे पाणी चढते, आणि आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका भरपूर असते. काचेवरचा तपकिरी थर हा त्या सिलिकेवर पोसलेल्या डायटम या सूक्ष्म शेवाळाचा होता.

यापुढचा आपला मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, टाकी 26 अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी पाण्यावर पंखा सोडावा लागतो आणि त्यामुळे बाष्पीभवन फार होते. उडून जाते ते निव्वळ पाणी. क्षार, फॉस्फेट, सिलिका मागेच राहतात. खारटपणा दर हजारी 35 वर टिकावा म्हणून रोज वरून पाणी घालायचे आणि त्या प्रत्येक तांब्यासोबत थोडे फॉस्फेटही घालायचे, असा हा प्रकार चालला होता. गोठवलेली कोळंबी वितळल्यावर उरणारे पाणीही आपण तपासायला लावलेत आणि नळीतला रंग पाहता पाहता गडद निळा झाला.

त्यानंतरचे काम सरळ होते. पडद्यानंतर पण कंट्रोलरच्या आधी वेगळी नळी काढून तिला डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळकांडी जोडली, टीडीएस शून्यावर आणला आणि कोळंबी निथळून मगच टाकीत घालू लागलो. पाणी बदलताना जुन्या टूथब्रशने खडक घासायचे आणि सुटलेले धागे त्याच वेळी सायफनच्या नळीने ओढून घ्यायचे, म्हणजे ते दुसरीकडे रुजत नाहीत. उरलेले खुंट टर्बो गोगलगायींनी चरून काढले. लांब वाढलेल्या शेवाळाला त्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून हाताचे काम आधी. खालच्या सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीत, कीटोमॉर्फा हे उपयोगी शेवाळ लावले आणि त्यावरचा दिवा रात्री चालू ठेवला. त्यामुळे पोषकद्रव्ये तिकडे खपतात आणि रात्री पीएच फारसा उतरत नाही.

फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे मी भरपूर घालणार होतो, तेव्हा आपण थोडे थोडे घालायला सांगितलेत, याचे विशेष आभार. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही एकदम तळाला गेले की प्रवाळे उपाशी पडतात आणि मोकळ्या झालेल्या जागी पुष्कळदा डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव माजतात. ते केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असतात. खडकात मुरलेले फॉस्फेट हळूहळू बाहेर येतच राहते, म्हणून घाई करून उपयोगही नव्हता. आता फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या दरम्यान ठेवतो आणि नायट्रेट 5 पीपीएमच्या आसपास राहते.

झोअँथिड पूर्ण उमलू लागली आहेत. आपण हा छंद कधी केला नाहीत, तरी एका जुन्या विद्यार्थ्याच्या टाकीसाठी भर उन्हात जुळे सोलापूरपर्यंत आलात, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. रेझिन बदलण्याची वेळ कशी ओळखायची, असे आपण फोनवर विचारले होते: टीडीएस मीटरवर शून्याऐवजी 1 दिसला की मी ते बदलतो.

आपला विद्यार्थी,
सोलापूर