चिक्कीच्या घरासाठी, मावशी

ती. मावशींस साष्टांग नमस्कार.

ताईच्या लग्नात रुखवताभोवती जमलेल्या बायका ‘हे घर कोणी केलं?’ असं विचारत होत्या, तेव्हा तुम्ही मागे पंगतीच्या गडबडीत होतात आणि कौतुक सगळं माझ्या वाट्याला आलं. म्हणून हे पत्र तुमच्या हातात न देता चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. ते घर तुमचं आहे.

वेंगुर्ल्यात मे महिन्यात साखर-गुळाचं काही शोभेचं करायचं म्हणजे गाठ दमट हवेशी. मला काजूच्या चिक्कीच्या वड्या तेवढ्या येत होत्या. तुम्ही सुरुवात खोबऱ्यापासून केलीत. ओला नारळ नको, सुकी वाटी किसायची आणि कीस हाताला कुरकुरीत लागेपर्यंत मंद आचेवर भाजायचा. त्यात ओल राहिली तर पाक कितीही कडक घेतला तरी चिक्की वाकणार. काजूही अख्खे आणू दिले नाहीत. तुकडा स्वस्त पडतो आणि पातळ लाटता येतो, पाकळी फक्त सजावटीला.

पाक थंड पाण्यात टाकायचा, गोळी कट्‌कन तुटली तर उतरवायचा, चिकटली तर अजून आच द्यायची, हे बऱ्याच जणींना माहीत असतं. पण माझ्या थर्मामीटरवर साखरेचा पाक १५० अंश सेल्सिअसला पोचला आणि तिकडे न बघताच तुम्ही ‘झालो’ म्हणालात, ते मी कधी विसरणार नाही. तो पाक खिडक्यांच्या काचांसाठी होता. लिंबामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, म्हणून पाकाला कणी धरत नाही, एवढं मी वाचलं होतं. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर लिंबू जास्त झालं की काच पाझरायला लागते, हे मात्र तुमच्या ‘दोन थेंब, तिसरो नको’मुळे उमगलं.

आणि कौलं! गुळाची काजूचिक्की तूप लावलेल्या पोळपाटावर लाटून, गरम असतानाच पट्ट्या कापून, एकेक पट्टी लाटण्यावर पालथी घालून तुम्ही नळ्याची कौलं वळवलीत. ‘पाक थांबाचो नाय गो, हात चालव,’ असं म्हणत होतात, आणि लादी कडक झाली की कोमट तव्यावर धरून पुन्हा मऊ करत होतात. खोबऱ्याच्या चिक्कीच्या पांढऱ्या भिंती, पुढे पडवी, अंगणात काजूच्या पाकळ्यांनी मढवलेलं तुळशी वृंदावन, सगळं गरम पाकाने जोडलेलं. खायचा रंग कुठेच वापरू दिला नाहीत, याबद्दल वेगळे आभार. गुळाचा तांबूस रंग आणि खोबऱ्याचा पांढरा यांच्यापुढे हिरवं-गुलाबी काही शोभलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

भाग आदल्या दिवसापर्यंत बटर पेपर घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे, फ्रिजमध्ये अजिबात नाही (बाहेर काढल्यावर घाम येतो), आणि जोडणी लग्नाच्या सकाळीच, हेही तुमचंच. उरलेल्या कौलांच्या पुड्या केळीच्या सुकवलेल्या सोपाने बांधून पाहुण्यांना दिल्या. ताईच्या सासरच्या मंडळींना रुखवतापेक्षा त्या पुड्याच जास्त आवडल्या असं ऐकते.

मे महिना तुमच्याही कामाचा. आमसुलं उन्हात, फणसपोळी सुपात, पावसाआधीची सगळी बेगमी अर्धी. ते सुनेवर सोपवून तुम्ही आमच्या चुलीपाशी बसलात आणि हातचं काही राखून ठेवलं नाहीत. मी शब्दाने मागितलंही नव्हतं. आईने सहज विषय काढला आणि दुपारी तुम्ही स्वतःचं लाटणं घेऊन दारात. याचे आभार कसे मानायचे ते मला नीट येत नाही, पण मनापासून मानते.

चतुर्थीला गणपतीपुढे ठेवायला खोबऱ्याच्या चिक्कीचं कमळ करावं म्हणते. तेव्हाची हवा मेपेक्षा वाईट, म्हणून पाकळ्या किती पातळ लाटायच्या ते विचारायला श्रावणातच येईन.

तुमची,
नवरीची धाकटी बहीण