फिजिओ ताई, तुमच्या नकाराबद्दल आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. परळच्या त्या फिजिओथेरपी विभागात ज्यांनी तुमच्या हाताखाली घाम गाळलाय, त्यांना मी कोणाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. समोरासमोर आभार मानायचं राहूनच गेलं, कारण तुमच्या दारात कायम रांग असते. आणि उघडं पत्र अशासाठी की, दुखापत होऊन रिंगमधून उतरलेल्या प्रत्येक बॉक्सरला एकच प्रश्न रात्र रात्र झोपू देत नाही: आता परत जमेल का?

राज्य स्पर्धेतली माझी ती बाउट, ती लढत, तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्या राउंडमध्ये माझा डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला पंच, रिकामा गेला, समोरच्या मुलीच्या खांद्यात हात अडकला आणि माझा खांदा निखळला. गार्ड, म्हणजे चेहरा वाचवायला धरलेला हात, वर येईना. मी उजवा हात वर करून रेफरीला थांबायला सांगितलं. गुणांवर मी पुढे होते, त्यामुळे बोलणाऱ्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. जिंकत असताना कोणी रिंग सोडतं का? पोरीनं कच खाल्ली. मनाने कच्ची आहे. हे परक्यांनी म्हटलं असतं तर सोसलं असतं; माझ्या घामाचा वास ओळखणारी माणसं हे म्हणत होती. मी क्लबात जाणं बंद केलं. आईने ग्लोव्ह्ज माळ्यावर टाकले आणि रेल्वेतल्या खेळाडू कोट्याच्या नोकरीचं नाव घरात कोणी काढेनासं झालं.

दुसऱ्यांदा खांदा सटकला तो गाडीत. डोंबिवलीहून निघालेली लोकल, दिवा स्टेशनला गर्दीचा लोंढा आत आला, माझा डावा हात वर हँडलला होता. ऑपरेशन झालं ते त्यानंतर.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न अजून कानात आहे. वजनगट कोणता, पदकं किती, यातलं काही नाही. "कुठून येतेस? गाडीत कुठल्या हाताने धरतेस?" हात डोक्याच्या वर, बाहेर आणि मागे, ही निखळलेल्या खांद्यासाठी सगळ्यात घातक स्थिती, आणि मुंबईचं माणूस रोज दोनदा तासतासभर नेमकं त्याच स्थितीत लटकत असतं, हे तुम्ही सांगितलंत. दारात उभं राहायचं नाही, आत शिरून पाठ टेकायची, खांब उजव्या हाताने धरायचा. आईला समोर बसवून बजावलंत की माळ्यावरचे डबे हिला काढायला लावायचे नाहीत. माझ्या बॉक्सिंगचा पाया तिथे पुन्हा घातला गेला, लेडीज डब्यात आणि स्वयंपाकघरात.

खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते आणि तिची कूर्चेची कड तुटली की हाडाला अडवायला काही उरत नाही, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. कमी वयात पहिल्यांदा खांदा निखळला की तो पुन्हा निखळायची शक्यता फार मोठी असते, हेही. "मग तू थांबलीस ते बरोबरच केलंस," असं तुम्ही इतक्या सहज बोलून गेलात की मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तोवर हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसांत मी रात्री मोबाइलवर फक्त दुखापतीमुळे लढत सोडलेल्या बॉक्सरांना शोधत बसायची, आणि सकाळी थेराबँड, ती व्यायामाची रबरी पट्टी, ओढताना तुम्हाला सांगायची. पहिला युक्रेनचा हेवीवेट व्हिताली क्लिचको. एप्रिल २००० मध्ये बर्लिनला ख्रिस बर्डविरुद्ध तो तिन्ही जजच्या गुणांवर पुढे होता. खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे सांधा धरून ठेवणारे स्नायू, फाटला आणि नवव्या राउंडनंतर तो स्टुलावरून उठला नाही. विजेतेपदाचा पट्टा गेला, वर त्याच्या काळजावर शंका घेतली गेली. तोच माणूस २००३ मध्ये लेनॉक्स लुईससमोर डोळ्यावर भयंकर जखम घेऊन लढला, डॉक्टरांनी सहाव्या राउंडनंतर लढत थांबवली तर त्यांच्याशीच भांडायला उठला. २००४ मध्ये डब्ल्यूबीसीचा, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा, हेवीवेट पट्टा त्याने जिंकला. पुढे दुखापतींनी निवृत्त व्हायला लावलं, तरी २००८ मध्ये परत येऊन पुन्हा जिंकला.

दुसरा ब्रिटनचा डॅनियल डुबॉइस. नोव्हेंबर २०२० मध्ये जो जॉइससमोर दहाव्या राउंडमध्ये तो गुडघ्यावर बसला आणि रेफरीचे दहा आकडे होईपर्यंत उठला नाही. डाव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. तरीही मोठमोठ्या माजी बॉक्सरांनी त्याला पळपुटा ठरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्ब्लीत त्याने अँथनी जोशुआला पाचव्या राउंडमध्ये झोपवलं.

मला वाटलं, हे ऐकून तुम्ही म्हणाल, बघ, तूही परत येशील. तुम्ही वेगळंच विचारलंत. "पडल्यानंतरची पहिली बाउट दोघांनी कधी खेळली ते शोधलंस का?" शोधलं. क्लिचकोची एप्रिलनंतर थेट नोव्हेंबरच्या शेवटी, डुबॉइसची नोव्हेंबरनंतर जूनमध्ये. सहा ते आठ महिने. आणि तीही ज्याच्याशी हरले त्याच माणसाशी नव्हे. त्यांच्या पुनरागमनातला हा भाग कुठल्याच व्हिडिओत मला दिसला नव्हता, कारण त्या महिन्यांत कॅमेऱ्यासमोर काही घडतच नाही.

आपल्याकडे जो दुखणं अंगावर काढतो त्याचं कौतुक फार. टोकियो ऑलिम्पिकला आपला बॉक्सर सतीश कुमार चेहऱ्यावर १३ टाके घेऊन उपांत्यपूर्व फेरीत उतरला, तेव्हा हरूनही देशाने त्याला डोक्यावर घेतलं. मीही टाळ्या वाजवल्या, आजही वाजवीन. पण त्याच ऑलिम्पिकमध्ये विकास कृष्ण दुखऱ्या खांद्यानिशी पहिल्याच बाउटमध्ये हरला आणि पुढे त्याला शस्त्रक्रिया करावी लागली. चेहऱ्याचे टाके घेऊन गार्ड धरता येतो. खांदा गेला की गार्डच उरत नाही. हा फरक क्लबांमध्ये शिकवलाच जात नाही, आणि मला तो शिकवायला हवा असं मनापासून वाटतं.

आता त्या नकाराबद्दल. क्लबांची स्पर्धा तोंडावर आली होती, आमच्या वजनगटात मुलगी नव्हती आणि एका वजनदार माणसाचा तुम्हाला फोन गेला की फिट असल्याचं पत्र द्या. हात वर जात होता, दुखत नव्हतं, बॅगवर पंच बसत होते. सगळ्यांच्या लेखी मी बरी झाले होते. तुम्ही फरशीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा मारल्यात, मध्ये ३६ इंच अंतर, आणि पुशअपच्या पवित्र्यात एक हात उचलून दुसऱ्या हाताच्या रेघेवर टेकवायला लावलात, आलटून पालटून, १५ सेकंद. डाव्या हातावर भार आला की कंबर वाकडी व्हायची. मग झोपवून माझा हात हळूहळू बाहेर आणि मागे नेलात. त्या वेळी तुम्ही खांद्याकडे पाहत नव्हता, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. माझे ओठ आवळले गेले. तुम्ही हात खाली ठेवलात आणि फोनवर सांगितलंत, "तारीख तुमची आहे, सही माझी आहे. नाही."

ताई, त्या एका शब्दाने तुम्हाला किती बोलणी खावी लागली ते मला नंतर कळलं. तुम्ही मला त्याची झळ लागू दिली नाहीत.

आणि नकार देऊन तुम्ही थांबला नाहीत. रविवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, क्लबात येऊन भिंतीशी उभ्या राहिलात. आमच्या कोच सरांना पॅड घ्यायला सांगितलंत, माझे तीन राउंड मोबाइलवर टिपलेत. पहिल्यात हूक आखूड होता. तिसऱ्यात दमल्यावर कोपर उंच जात होतं आणि हात लांबून फिरत होता, अगदी त्या बाउटमध्ये फिरला होता तसा. तेव्हापासून खांद्याचे व्यायाम मी ताज्या अंगाने कधीच केले नाहीत. आधी दोरीउड्या, बॅग, दम लागेपर्यंत, आणि मग थेराबँड. सरही हे पाहून बदलले. आमच्या क्लबात आता दुखऱ्या खांद्याच्या मुलाला "मार मार, सुटेल" असं कोणी म्हणत नाही.

परतल्यावरची पहिली बाउट मी गुणांवर हरले, पण तिन्ही राउंड उभी होते आणि डावा हात शेवटच्या घंटेपर्यंत हनुवटीपाशी होता. दुसरी जिंकले. पूर्वीची बॉक्सर मी राहिलेली नाही. लांबून येणारा तो डावा हूक, ज्याच्या जोरावर मी जिंकायची, तो गेला. आता उजवा सरळ पंच आणि पाय यांच्यावर खेळते. उभारलेलं करिअर नवं आहे, जुन्याची डागडुजी केलेली नाही. रेल्वेची भरती निघाली की अर्ज भरणार आहे. आईला सांगून झालंय.

एक काम आहे. येत्या मंगळवारी आमच्या क्लबची एक मुलगी तुमच्याकडे येईल, पंधरा वर्षांची. उजवं मनगट दुखतंय, नेमकं अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात. एक्स-रे साफ आला म्हणून घरचे म्हणतात नुसतं लचकलंय. पण तिथल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. म्हणून तिचं पंचिंग मी बंद करायला लावलंय. रडली बिचारी, पुढच्या महिन्यात तिची पहिली जिल्हा स्पर्धा आहे. केसपेपर सकाळी लवकर काढ म्हणून सांगितलंय, आणि तिच्यासोबत मीही येतेय.

तुमची,
डोंबिवलीची डाव्या खांद्यावाली