पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे स्मार्टफोन नाही हे माहितीये, त्यामुळे हे तुमच्या नातवाने वाचून दाखवावं ही विनंती, आणि हळू वाच रे बाबा, आजोबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं (तरी रेडिओतली बारीक खरखर बरोबर ऐकू येते, हे कसं काय ते देव जाणे). तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तुम्हीच म्हणालात ना, नावपत्ता कुठे टाकू नका ताई, उद्या लोक मिक्सर घेऊन येतील.

तुम्हाला मी आठवणार नाही कदाचित. तीन बँडचा ट्रान्झिस्टर, चामड्याचं कव्हर, कव्हराचं एक बटण तुटलेलं. आता आठवलं असेल. तुम्हाला गिऱ्हाइकं नाही, सेट लक्षात राहतात.

तो रेडिओ आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा. पाटण तालुक्यात शाळामास्तर होते, १९७४ साली कराडहून घेऊन आले. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं, त्याचं पुस्तक असायचं आणि दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून त्यावर शिक्का आणायचा, तो शिक्का दादा आम्हाला असा दाखवायचे जणू सातबाराच आणलाय. माडीच्या खिडकीतून एक तांब्याची तार काढून समोरच्या आंब्याला बांधली होती, ती एरियल. आंब्याला मोहोर आला की आई म्हणायची, ह्यांच्या गाण्यांनी आलाय.

आमच्या घरात घड्याळापेक्षा रेडिओचं जास्त चालायचं. सकाळी सिलोन, म्हणजे रेडिओ सिलोन, श्रीलंकेहून लागणारं हिंदी गाण्यांचं स्टेशन. साडेसातला जुन्या सिनेमांची गाणी सुरू व्हायची आणि आठ वाजायच्या जरा आधी, शेवटचं गाणं रोज सैगलचं. रोज म्हणजे रोज. सैगल लागला की आई स्वैपाकघरातून ओरडायची, दप्तर उचल! मला कित्येक वर्षं वाटायचं सैगल म्हणजे शाळेला उशीर करणारा कोणीतरी माणूस. आणि मग बुधवारी रात्री आठला सिलोनवरच बिनाका गीतमाला, सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम, सांगणारे अमीन सायानी. "बहनो और भाइयो" मध्ये बहना आधी, हे आमच्या आत्याला फार आवडायचं, ती म्हणायची हा एकटाच बाप्या बघ आपल्याला आधी नमस्कार घालतो.

मोठी झाल्यावर कळलं की ही सगळी मजा सिलोनला गेली त्याला कारण आपलाच एक मराठी माणूस. बाळकृष्ण केसकर, १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री. सिनेमाची गाणी म्हणजे उथळपणा असं त्यांचं मत, आकाशवाणीवर ती जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि त्याच १९५२ मध्ये तिकडे गीतमाला सुरू झाली. लोकांनी काय केलं, काटा सिलोनवर नेऊन ठेवला. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. दादा शास्त्रीय संगीताचे भक्त, ते केसकरांची बाजू घ्यायचे, आणि बुधवारी पावणेआठला गुपचूप सेल बदलून ठेवायचे.

तर सांगायचं ते असं. दादा गेले आणि रेडिओ माझ्याकडे पुण्याला आला, काही वर्षं छान चालला, मग आवाज बारीक होत होत बंदच पडला. मी सेल काढायला विसरले होते, ते आत फुटून पांढरंहिरवं काहीतरी बाहेर आलेलं. दोन वर्षं तसाच कपाटावर. मग २०२४ च्या फेब्रुवारीत, २१ तारखेला सकाळी बातमी आली की आदल्या दिवशी अमीन सायानी गेले. आणि बातमी आली तो दिवस बुधवार होता काका. बुधवार! रात्री आठला मी काही विचार न करता उठले, कपाटावरून रेडिओ काढला, पुसला, नवे सेल घातले आणि बटण फिरवलं. काही नाही. साधी खरखर पण नाही. एवढ्या वर्षांत मला रेडिओची शांतता कधी ऐकू आली नव्हती, त्या दिवशी आली. आमचे हे म्हणाले अगं मोबाईलवर लाव ना सगळं आहे. आहे हो. पण काय ऐकायचं ते आधी मला माहीत पाहिजे, मग ते लावायचं, तर ते आलेलं गाणं नव्हे, मागवलेलं झालं. आणि अ‍ॅपवर आकाशवाणी लावली तर वेळेचे ठोके मागून पडतात, त्याच्यावर चहा कसा ठेवायचा?

दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून तपकीर गल्लीत आले. तीन दुकानं फिरले. एकाने उघडूनही बघितलं नाही, म्हणाला मावशी शोपीस म्हणून ठेवा. दुसऱ्याने ब्लूटूथ स्पीकर दाखवला. तिसऱ्याने मात्र वर बोट केलं, त्या वाड्याचा जिना चढा, आहेत एक जण, मूड असेल तर करतील.

तुम्ही पहिलं काय विचारलंत माहितीये? काय बिघडलंय असं नाही. "काय ऐकता?" असं विचारलंत. मी गडबडले. मग बोलत सुटले, पुण्याच्या बातम्या, सुधा नरवणेंचा आवाज, रात्रीची छायागीतं, मुंबई लागली तर मुंबई, आणि तुम्ही स्टुलावर बसून निवांत ऐकत होतात, हातात स्क्रूड्रायव्हर तसाच. मला वाटतं दुरुस्ती तिथेच सुरू झाली होती.

मग उघडलात. व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलंत आणि स्पीकरमधून गुंऽऽ असा आवाज आला, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, गळा शाबूत आहे, कान गेलेत. मला तर त्या गुंऽऽ नेच रडू फुटायचं बाकी होतं. सेलच्या पट्ट्या कानशीने घासल्यात, दोन वाळलेले कंडेन्सर बदललेत, तुटलेली डायलची दोरी नवी ओवलीत (ते काम बघताना माझा जीव वर, एवढ्याशा चाकांवरून तिला दोनदा वळसा आणि हाताला जरा कंप तरी एकदाही सुटली नाही). आणि मग स्टेशन पकडणाऱ्या त्या छोट्या चौकोनी डब्या, वर फिरवायचे स्क्रू असलेल्या, लाल पिवळी पांढरी काळी. तुमचा चेहरा एकदम बदलला. "हे स्क्रू कोणी फिरवले?"

मी खोटं बोलले काका. म्हणाले माहीत नाही. आमच्या ह्यांनी फिरवले होते. लॉकडाऊनमध्ये, यूट्यूब बघून. तेव्हापासूनच आवाज बारीक व्हायला लागला होता, मग माझ्या सेलनी उरलंसुरलं पूर्ण केलं. तुम्हाला त्यापायी चार दिवस लागले त्या डब्या त्यांच्या ठरलेल्या ४५५ किलोहर्ट्झला परत बसवायला, आणि त्याचे पैसे तुम्ही लावले नाहीत, २८० रुपयांत सोडलंत मला. आज जाहीर कबुली देते, नातवा, हे जरा मोठ्याने वाच.

न्यायला आले तेव्हा संध्याकाळ होती. तुम्ही काटा ७९२ वर आणलात, पुणे. मला वाटलं आता काहीतरी छान गाणं लागेल, तसं सिनेमात होतं. लागला शेतीचा कार्यक्रम. कोणीतरी साहेब कांद्यावरच्या करप्याबद्दल सांगत होते, फवारणी कधी करावी आणि रोपं किती दाट लावू नयेत. आणि मी तुमच्या जिन्यात उभी राहून डोळे पुसत करपा ऐकतेय. दादांच्या घरी हाच आवाज असायचा, भाकरी थापताना मागे कोणीतरी शांतपणे खतांचं सांगतंय. गाण्याची आठवण आपण ठेवतोच, ह्याची कोण ठेवतं?

अजून एक राहिलंच. घरी आणल्यावर पुणं ठणठणीत, पण मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८, लावली की भुंगा भुणभुणल्यासारखा आवाज. मी घाबरत फोन केला. तुम्ही म्हणालात, रेडिओला काही झालेलं नाही, घरातले दिवे एकेक करून घालवा. स्वैपाकघरातली नवी एलईडी ट्यूब घालवली आणि भुंगा गप! मग म्हणालात, आत काळी दांडी आहे तीच एरियल, तिचं टोक जिकडे तिकडचं कमी ऐकू येतं, तेव्हा टोक त्या ट्यूबकडे करा आणि बघा. रेडिओ नुसता तिरका केला तर ट्यूब चालू असूनही मुंबई ऐकू आली. इतकी वर्षं रेडिओ ऐकतेय, तो कुठल्या कुशीवर निजवायचा हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं. आता ओट्यावर खडूने खूण केलीये, बाईंना सांगून ठेवलंय की पुसायची नाही.

रात्री उशिरा मीडियम वेव्हवर कुठली कुठली लांबची स्टेशनं येतात, भाषा कळत नाही, लाटेसारखा आवाज येतो आणि जातो. तेवढ्यासाठी मी जागी राहते हल्ली. हे कुरकुरतात.

पुढच्या आठवड्यात येतेय, कव्हराचं बटण बसवायचंय आणि तुमच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे आणतेय, शुगर आहे म्हणालात म्हणून दोनच. घरातले सगळे स्क्रूड्रायव्हर मी तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलेत, ह्यांना अजून सापडलेले नाहीत.

तुमची,
तुटक्या बटणाच्या कव्हरवाली