पिचर पाहताना: सुहासला पत्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचे, म्हणजे न्यूयॉर्क यांकीजच्या खालच्या संघाचे, बेसबॉल सामने बघायला लागलास, झकास! 'बोर्डावर पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) वेग ९७ मैल दिसतोय, मग हा पोरगा यांकीजकडे कधी जाणार?' असं विचारलंस. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावर, फास्टबॉलची सरासरीच आता ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे, म्हणजे दीडशे किलोमीटर. त्यामुळे ९७ ने दार किलकिलं होतं, एवढंच. आणि वेग मोजायला यंत्र पुरेसं आहे. स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, पाठवतात तो वेगळ्याच कामाला: तीच हालचाल ऐंशी-नव्वद वेळा जशीच्या तशी होते का, हे बघायला.

आधी होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे बस. यजमान पिचर पहिल्या इनिंगला ताज्या माउंडवर (पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर) येतो, तेव्हा त्याचा पुढचा पाय कुठे पडतो ते बघ. मातीत एकच खड्डा झाला तर उत्तम. इकडे-तिकडे तीन खुणा दिसल्या, तर चेंडूही तसाच भरकटणार. आपल्या फास्ट बोलरला रनअप असतो. इथे मागचा पाय रबरावर (माउंडवरच्या पट्टीवर) टेकलेला, तेव्हा सगळा जोर मांडी आणि कमरेतून यायला हवा. नुसत्या हाताने फेकणाऱ्याचा वेग चौथ्या-पाचव्या इनिंगला दोन-तीन मैलांनी उतरतो. म्हणून प्रत्येक इनिंगचा कमाल आणि किमान वेग लिहून ठेव. एकटा कमाल आकडा फसवा.

मग जागा बदल. पिचर उजवा असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूला जा, तिथून त्याची छाती आणि हात मोकळा दिसतो. पुढचा पाय टेकतो त्या क्षणी चेंडूचा हात वर आलेला असला पाहिजे. हात मागे रेंगाळला की शरीर पुढे निघून जातं, चेंडू लवकर सुटतो आणि उजव्या बॅटरच्या अंगावर, उंच जातो. असे चेंडू वारंवार दिसले तर 'आज कंट्रोल नाही' म्हणून सोडून देऊ नकोस, दोष वेळेचा आहे. कोपराच्या आतल्या लिगामेंटवर ताण येतो तो वेगळाच. ते लिगामेंट तुटलं की टॉमी जॉन शस्त्रक्रिया (१९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी पहिली केली) आणि पुनरागमनाला बारा ते अठरा महिने. याच कारणाने 'पिच स्मार्ट' या तरुण पिचरांसाठीच्या नियमावलीत १७-१८ वर्षांच्या मुलाला दिवसाला १०५ पिचची (फेकलेल्या चेंडूंची) मर्यादा आहे.

चेंजअप हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक पिच. तो फास्टबॉलपेक्षा आठ-दहा मैलांनी मंद हवा, पण हात तितक्याच वेगाने फिरला पाहिजे. कच्चा पिचर हातच मंद करतो. खालच्या लीगमध्ये ते खपून जातं, डबल-ए मध्ये (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, सिंगल-ए च्या वर) बॅटर ओळखतो.

स्काउटची गुणपद्धत २० ते ८० अशी असते, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. प्रत्येक पिचला दोन आकडे: आजचा आणि पुढचा. स्लायडर (वळणारा पिच) ४५/६० लिहिला, तर मधले पंधरा गुण हा स्काउटचा जुगार. अंगकाठी, हालचालीतली सहजता, शिकण्याची तयारी यांवरच तो खेळायचा. पिचर जेकब डीग्रॉम कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक, होता. २०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) नवव्या फेरीत घेतलं, त्याच वर्षी टॉमी जॉन झाली, तरी २०१८ आणि २०१९ ला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) त्याच्याकडेच गेला. उलट २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला पिचर मार्क अपेल मेजर लीगमध्ये उतरला २०२२ ला, तिशीत. आपला रिंकू सिंग आठवतो? क्रिकेटवाला नव्हे, पिचर. भालाफेकीतला हात, २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केला, पण सिंगल-ए च्या वर सरकला नाही.

सिंगल-ए मधले आकडे बघून हुरळू नकोस. तिथली पोरं स्ट्राइक झोनबाहेरच्या (प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीबाहेरच्या) कर्व्हबॉलवरही बॅट फिरवतात, म्हणून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) फुगतात. डबल-ए चे बॅटर तो चेंडू सोडून देतात, पिचरला फास्टबॉल झोनमध्ये टाकावाच लागतो. तू बघतोयस ती नेमकी हीच पायरी. तेव्हा स्ट्राइकआउटबरोबर वॉकही (झोनबाहेरच्या चार चेंडूंवर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) मोज, आणि दोन वॉक झाल्यावर पुढचा पहिला पिच स्ट्राइक पडतो का ते बघ.

एक स्टॉपवॉच जवळ ठेव. पहिल्या बेसवर धावपटू असताना पिचरची पहिली हालचाल ते कॅचरचा ग्लोव्ह हा वेळ १.३ सेकंदांच्या आसपास हवा. दीड लागला तर बेस चोरी जाणारच. घाईने तो कमी करताना फास्टबॉलचा वेग किती पडतो, तेही शेजारी लिही.

वही भरली की पानांचे फोटो पाठव. नाव झाकून पाठव, म्हणजे माझं मत आधीच बनणार नाही.

तुझा,
मिलिंद