शनिवारवाडा संध्याकाळची फेरी : सभासदांसाठी आठवण

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक साडेचारला दिल्ली दरवाजासमोरच्या पटांगणात जमायचं आहे. आत प्रवेश वेळेतच मिळतो, म्हणून उशीर करू नका. मागच्या फेरीत वाट बघण्यात वेळ गेला आणि गणेश दरवाजा बघायचाच राहिला, त्याची मला अजून हळहळ वाटते.

१७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८च्या आगीत जळाला. आत उरले ते मुख्यतः चौथरे, पण ते नीट वाचता येतात. दिवाणखाना कुठे, हजारी कारंजं कुठे, हे जागेवर उभं राहूनच दाखवीन. आत शिरताना दरवाजाच्या झडपेवरचे अणकुचीदार खिळे जवळून बघा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते मुद्दाम उंचावर ठोकलेले आहेत.

फेरी मे महिन्यात ठेवण्यामागे कारण आहे. दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख. हिवाळ्यात त्याच्यावर ऊन येतच नाही. आत्ता मात्र सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो, त्यामुळे शेवटच्या तासाभरात तिरपी किरणं बुरुजांवर पडतात आणि दगडाचा टाका न् टाका उठून दिसतो. हे चुकवू नये असं मनापासून वाटतं.

नंतर लाल महालावरून चालत कसबा गणपतीला जाऊ. सध्याचा लाल महाल नव्याने बांधलेला आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

पाण्याची बाटली, टोपी आणि चालायला सोयीच्या चपला हव्यात. गाडी शक्यतो आणू नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तटावर चढू नये, त्यांच्यासोबत खाली कोणीतरी थांबेल. नावं गुरुवारपर्यंत कळवा.